पत्र्याचा मिस्त्री

मंडळी, गेले काही महिने फोनवर काय आणि लग्नकार्यात काय, भेटणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतोय. तब्येतीचा नव्हे, स्कूटरचा! "काका, त्या जुन्या चेतकचं काम कुणाकडून करून घेतलं? आमच्याकडेही एक पडून आहे." कुणाकडे वडिलांची राजदूत आहे, कुणाकडे मामांची लूना. एका मेहुण्यांकडे तर आख्खी फियाट गोठ्यात उभी आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. प्रत्येकाला हवं असतं ते एक नाव आणि एक मोबाईल नंबर. ज्याला खरंच गरज आहे त्याला मी तो खासगीत देतोच. पण नुसत्या नंबराने काम भागत नाही, हे मला या शोधात कळलं. पत्र्याचं काम करणारा माणूस कुठे सापडतो आणि आजकाल का सापडत नाही, याला एक इतिहास आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तो सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी गाडीबद्दल, म्हणजे प्रश्न नेमका काय होता ते समजेल. माझी बजाज चेतक १९८४ सालची. नंबर लावला होता १९७७ मध्ये. तरुण वाचकांना हे खोटं वाटेल, पण अनामत रक्कम भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मग स्कूटर यायची, असाच तो काळ होता. काहींना दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, पण वाशीमकडच्या मास्तराला डॉलर कोण देणार? (तेव्हा वाशीम हा जिल्हाही नव्हता. आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.) त्यामुळे गाडीची नोंदणी अकोल्याची आणि नंबर १९८९ च्या आधीचा, तीन अक्षरांचा. आज आमच्याकडच्या गाड्यांवर एमएच-३७ दिसतं, पण ही गाडी एमएच या पद्धतीपेक्षाही जुनी. तिच्यावरून शाळा झाली, लोणारच्या सहली झाल्या, मुलीचं बाळंतपण झालं. पुढे मुलाने मोटारसायकल घेतली आणि चेतक पडवीत गेली. इंजिन बिचारं चांगलं होतं. खराब झाला तो पत्रा.

आणि इथेच खरी गोम आहे. चेतकच्या बाबतीत पत्रा म्हणजे नुसतं वरचं अंग नव्हे.

ही स्कूटर मुळात इटलीतली. दुसऱ्या महायुद्धात पियाजो कंपनीचा पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानांना मागणी उरली नाही आणि लोकांना तर स्वस्त वाहन हवं होतं. कंपनीने कोरादिनो दास्कानियो या अभियंत्याला काम सांगितलं. हा माणूस हेलिकॉप्टर बनवणारा. त्याला मोटारसायकली आवडत नसत. कपडे खराब होतात, साखळीचं तेल उडतं, चाक पंक्चर झालं तर बदलणं अवघड. त्याने विमानाच्या पद्धतीने विचार केला. विमानाला आत वेगळा जड सांगाडा नसतो, बाहेरचा पत्राच भार पेलतो. तशीच त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची दुचाकी केली. २३ एप्रिल १९४६ रोजी तिच्या पेटंटचा अर्ज झाला. नाव पडलं वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. गंमत पाहा, गांधीलमाशीलाही आत हाडं नसतात. बाहेरचं कवच हाच तिचा सांगाडा!

ती आपल्याकडे आणली बजाज मंडळींनी. हे घराणं आपल्या विदर्भातलं, वर्ध्याचं. जमनालालजींना वर्ध्याच्या शेठ बछराजांकडे दत्तक दिलं होतं आणि त्याच नावाने १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं. १९४८ पासून ते स्कूटर आणि रिक्षा आयात करून विकत. १९५९ मध्ये इथे उत्पादन करण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पियाजोशी करार करून वेस्पा इथेच बनू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये तीच घडण कायम ठेवून महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने चेतक आली आणि तेहतीस-चौतीस वर्षं बनत राहिली.

म्हणजे ट्रकला चासी असते, मोटारसायकलला नळ्यांची फ्रेम असते, तसं चेतकला काही नाही. पायाखालचा पत्रा गंजला तर समजायचं की पाठीचा कणाच गेला. वरून रंग मारून उपयोग शून्य. शिवाय चासी नंबर ठोकलेला असतो तोही याच पत्र्यावर. इंजिन बदला, चाकं बदला, सीट बदला, कागदोपत्री गाडी तीच राहते. पण तो नंबराचा पत्रा गेला की कायद्याच्या दृष्टीने गाडीच गेली. चेतक वाचवायची म्हणजे तिचा मूळ पत्रा वाचवायचा, हे इतकं सरळ आहे.

तर असा पत्रा वाचवणारा माणूस मला शोधायचा होता. आता त्या माणसाचा इतिहास.

आपल्या देशात मोटार आली तेव्हा बरीच वाहनं अर्धीच येत. इंजिन, चाकं, चासी परदेशातून यायची, वरची बॉडी इथले सुतार-लोहार बांधायचे. टांगे, रथ, छकडे बनवणारे हात मोटारीकडे वळले. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, तरी लॉरी आणि बसच्या बॉडीचं काम गावोगावच्या कारागिरांकडेच राहिलं. आपली एसटी घ्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, तिची बॉडी लाकडी आणि सीटमध्ये काथ्या. पुढे महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथे स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या केल्या. कंपनीकडून नुसती चासी घ्यायची आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवायचा. आपण ज्या लाल डब्यात बसून लहानाचे मोठे झालो, ते डबे असे हातांनी बांधलेले होते.

मग परवान्यांचा काळ आला. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की जे इथे सुटे भाग बनवणार नाहीत, नुसत्या गाड्या जोडतील, त्यांनी निघावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. मागे राहिल्या मोजक्या गाड्या. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरची फियाट (तीच पुढे पद्मिनी झाली), महिंद्रांची जीप, आणि १९५४ पासून टाटांचे ट्रक. नवी गाडी मिळायची नाही आणि सुटा भाग तर त्याहून नाही. अपघातात दरवाजा चेपला तर नवा दरवाजा आणणार कुठून? तोच सरळ करायचा. मडगार्ड गंजलं तर तेवढाच तुकडा कापून, त्याच आकाराचा नवा पत्रा घडवून जोडायचा. एकेक गाडी तीस-तीस वर्षं चालवायची.

म्हणजे बघा, टंचाई हीच त्या विद्येची शाळा होती. या शाळेला फळा नव्हता की प्रमाणपत्र नव्हतं. वस्तादाकडे पोरगा राहायचा. पहिली दोन वर्षं पाणपेपरने घासाघाशी, मग वस्तादाच्या हातात हत्यार देणं, मग कधीतरी स्वतः हातोडी धरणं. एका हातात हातोडी बाहेरून, दुसऱ्या हातात पत्र्याच्या आतून टेकवलेली जड लोखंडी डॉली. पत्रा ताणला जाऊन फुगला असेल तर तेवढाच ठिपका गॅसने लाल करायचा, हलके ठोके द्यायचे आणि ओलं फडकं दाबायचं. लोखंड आक्रसतं आणि फुगवटा बसतो. आम्ही विज्ञानात 'उष्णतेने धातू प्रसरण पावतो' एवढं घोकून घेतलं, या लोकांनी त्यावर पोट भरलं.

वेल्डिंगचा गॅससुद्धा गॅरेजातच तयार व्हायचा. टाकीत कार्बाइडचे खडे टाकायचे आणि त्यावर पाणी. निघतो तो अ‍ॅसिटिलीन. (हो, आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच कार्बाइड.) आणि खड्डे भरायला लांबी. लांबी म्हणजे मुळात खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. आमच्या वऱ्हाडात जवसाची चटणी खाणाऱ्यांना हे ऐकून मौज वाटेल. नंतर डब्यातली लांबी आली, आता हार्डनर मिसळायची येते आणि ती काही मिनिटांतच दगड होते. वर रंग 'ड्युको'. हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक पेंटरच्या पाटीवर असायचा. ते मुळात अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२४ च्या सुमाराला तो मोटारींवर आला. त्याआधीचा रंग वाळायला आठवडे लागत, हा तासांत वाळू लागला. कंपनीचं नाव मागे पडलं आणि आपल्याकडे फवाऱ्याने मारलेला चकचकीत रंग म्हणजे ड्युको असंच होऊन बसलं.

आमचं केनवड मालेगाव-मेहकर रस्त्यावर, रिसोड तालुक्यात. नागपूरहून जालना-औरंगाबादकडे जाणारी जुनी वाहतूक याच रस्त्याने. माझ्या लहानपणापासून मी या रस्त्याच्या कडेला गॅरेजं पाहत आलो. लिंबाच्या सावलीत उभा केलेला ट्रक, बाजूला कार्बाइडच्या टाकीचा उग्र वास आणि दिवसभर ठाक्-ठाक्. तेव्हा तो आवाज त्रासाचा वाटायचा. चेतकसाठी मिस्त्री शोधायला निघालो तेव्हा लक्षात आलं, की तो आवाज कधी बंद झाला हे आपल्याला कळलंच नाही.

बंद का झाला, तेही सांगतो. १९९१ नंतर गाड्या मुबलक झाल्या, सुटे भाग मुबलक झाले. आता मडगार्ड चेपलं तर कुणी सरळ करत बसत नाही, नवं बसवतात. विमा कंपनी पैसे देते, दुकानदार पार्ट विकतो, मजुरीचे तास वाचतात. आणि हे सगळं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. नव्या मोटारींमध्ये विशिष्ट ताकदीचं पोलाद असतं, ते गॅसने लाल केलं तर त्याची ताकदच जाते. तिथे पत्रा बदलणंच शहाणपणाचं. स्कूटरमध्येही आता फ्रेम वेगळी आणि वर कव्हरं. तुटलं की काढलं, नवं लावलं. टंचाई संपली हे चांगलंच झालं. पण टंचाईने जी विद्या शिकवली होती, तीही तिच्याबरोबर निघाली आहे. जुन्या गाडीला लागते ती नेमकी तीच विद्या.

आता माझ्या शोधाची हकीकत. नावं कुणाची घेत नाही.

पहिला मालेगावचा. इंजिनाचा उत्तम कारागीर. म्हणाला, "सर, इंजिन द्या, दोन दिवसांत वाजवून देतो. पत्र्याचं आपल्याकडे होत नाही." प्रामाणिक माणूस. दुसरा रिसोडचा पेंटर. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "उद्या संध्याकाळी घेऊन जा." मी पायाखालचं रबर उचलून दाखवलं, तिथे अंगठा दाबला तर पत्रा पापडासारखा मोडत होता. तो म्हणाला, "लांबी भरून देतो ना." म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावून देतो! तिसरं वाशीमचं काचेचं दुकान. तिथल्या मुलाने संगणकात पाहिलं आणि सांगितलं की या गाडीचा पार्ट दाखवत नाही. चौथा अकोल्याचा. तो उत्साही होता, पण त्याला चेतकचं काहीतरी वेगळंच करायचं होतं. मागची गालं कापायची, रुंद चाकं लावायची, केशरी रंग द्यायचा. मुलाला ते आवडलं. मी गाडी परत आणली.

या टप्प्यावर घरात चर्चा झाली. मुलाचं म्हणणं साफ होतं. "बाबा, भंगारात द्या. सरकारचं धोरणही तेच आहे." धोरण आहे हे खरं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या मोडीचं धोरण आणलं. जुनी गाडी ठेवणं महागही होत चाललंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी त्याचं शुल्कच २,००० रुपये झालं. त्यावर पर्यावरण कर वेगळा. पण त्याच २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने दुसराही एक नियम केला, तो फारसा कुणाला माहीत नाही. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मात्र ती चालवता येत नाही. मी मुलाला म्हटलं, आपल्या गाडीला २०३४ मध्ये पन्नास होतील. तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?" मी म्हटलं, चौऱ्याऐंशी. गाडीपेक्षा माझ्या पत्र्याची काळजी त्याला जास्त, हे मला कळलं. आमच्या सौ. मात्र म्हणाल्या, "ते पैसे दवाखान्यात जाण्यापेक्षा गॅरेजात गेलेले बरे." ठराव मंजूर झाला.

मिस्त्रीचा पत्ता शेवटी दिला तो एका भंगारवाल्याने. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. पार्टच्या दुकानात विचारू नका, तिथे नवं विकणारे बसतात. भंगारवाल्याला विचारा, की तुझ्याकडे जुना जाड पत्रा निवडून न्यायला कोण येतं? जो जुना पत्रा विकत नेतो, तोच पत्रा घडवतो. तसंच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्यांना विचारा, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्यांना विचारा. यांना एकमेकांची माहिती असते.

मेहकरच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडं आत, एका टिनाच्या शेडमध्ये तो भेटला. वय पासष्टच्या आसपास. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ठोकाठोकी करून कान गेलेले, त्यामुळे आपल्यालाच ओरडून बोलावं लागतं. विद्या अकोल्याच्या एका वस्तादाकडची. त्याने गाडी पाहिली नाही, आधी वाजवली. बोटाच्या पेराने टकटक करत मागपासून पुढपर्यंत गेला. मग खिशातून स्पीकरमधलं एक जुनं लोहचुंबक काढून जागोजागी लावलं. जिथे चिकटलं नाही तिथे खडूने फुली. "इथं कोनीतरी लांबी भरली हाये." मग गाडी आडवी करून खालून पाहिली, आणि म्हणाला, "सर, रंग त मी उद्याच मारून देतो. पन तो रंग तुमाले फसवीन. आधी गंज कापा लागते."

मी तिथेच ठरवलं, की हाच तो माणूस.

काम कसं झालं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या मिस्त्रीची परीक्षा घेता येईल. गाडी पूर्ण खोलली. कापण्याआधी त्याने पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये लोखंडी अँगल तात्पुरता जोडून घेतला. का, तर खालचा पत्रा काढला की गाडीला धरून ठेवणारं काही राहत नाही, ती वाकेल आणि मग दोन्ही चाकं एका रेषेत येणार नाहीत. (रिसोडच्या आणि अकोल्याच्या गृहस्थांनी हा विषयही काढला नव्हता.) चासी नंबरच्या आसपास त्याने हत्यारच लावलं नाही, तो भाग हाताने घासून साफ केला. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून, त्यावरून १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा कापला आणि पायदानाचे उंचवटे हाताने ठोकून काढले. वेल्डिंग सलग नाही. एक टाका इथे, एक टाका पलीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा लाटेसारखा होतो. पोकळ भागांत आतून जळकं ऑइल फवारलं, कारण गंज आतून सुरू होतो आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल एकदा आत गेला की महिनोन्‌महिने ओल धरून बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, रंगाच्या आधी त्याने मला बोलावून उघडा पत्रा दाखवला. लांबी नाही, प्रायमर नाही, नुसतं चकाकतं लोखंड आणि टाक्यांच्या निळसर रेषा. "पाहून घ्या. एकदा रंग झाला का मी चोर हाये का साव, तुमाले समजनार नाही." मंडळी, शाळा तपासायला आलेले कितीतरी साहेब मी पाहिले, पण तपासणीचं इतकं चांगलं तत्त्व मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीही हीच अट घाला. जो उघडा पत्रा दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून गाडी परत आणा.

रंगासाठी मात्र महिना थांबावं लागलं. पावसाळी दमट हवेत ड्युको मारला तर वर पांढुरकी झाक येते, म्हणून त्याने नकार दिला. रंग मूळचाच ठेवला, फिकट निळा. आरसी बुकात रंगाची नोंद असते, रंग बदलला तर ती नोंद बदलून घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या. सगळं मिळून साडेअठरा हजार रुपये झाले. मुलाने हिशेब करून दाखवला की एवढ्यात वापरलेली नवी गाडी आली असती. हिशेब बरोबर होता. मी फक्त विचारलं, की तिच्यात हा माणूस मिळाला असता का?

थांबण्याच्या त्या महिन्यात मी त्याच्या शेडमध्ये बऱ्याच वेळा जाऊन बसलो. त्याच्याकडे काम कमी झालंय. लांबचे ट्रक आता समृद्धी महामार्गाने जातात. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून तो पार मुंबईच्या दारापर्यंत गेला. आमच्या वाशीम जिल्ह्याला त्याचा फायदा झाला, नाही असं नाही. पण जुन्या रस्त्यावर थांबणारी गिऱ्हाइकं गेली. (दुचाकींना तर समृद्धीवर बंदीच आहे, त्यामुळे माझी चेतक आणि मिस्त्री दोघेही जुन्याच रस्त्याचे.) त्याचा मुलगा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका शोरूममध्ये नोकरी करतो. चांगला पगार आहे, नाकातोंडात रंग जात नाही. बापाला त्याचा आनंद आहे. स्वतः तो आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून फवारा मारत आला आणि आता सकाळी बराच वेळ खोकतो. मुलाने हे काम का करावं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या नातवाने दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलवर त्याच्या कामाचं चित्रण केलं. मिस्त्रीने एका टाकाऊ मडगार्डवर त्याला ठोकून दाखवलं. ते पाहून हातोडी कशी धरायची ते कळतं. पण मिस्त्री म्हणाला, "आवाज बदलला का थांबायचं." कोणता आवाज? नातवाने चित्रण तीनदा पाहिलं, त्याला सगळे ठोके सारखेच ऐकू आले. आणि गंमत म्हणजे, मिस्त्रीला आता आपण बोललेलं ऐकू येत नाही, पण तो फरक बोटांनी कळतो. हे कुठल्या पुस्तकात उतरवणार? आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रम आहे, गाड्यांच्या बॉडी दुरुस्तीचाही आहे, आणि ते चांगलंच आहे. पण तिथला विद्यार्थी आणि हा म्हातारा एका शेडमध्ये कधी येत नाहीत, हे दुखणं आहे.

मोठ्यांच्या गाड्यांची काळजी घेणारे असतात. नेताजी सुभाषबाबू जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्याच्या नजरकैदेतून ज्या वाँडरर मोटारीतून निसटले, ती दुरुस्त करून जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते लोकांसमोर आणली गेली. झालंच पाहिजे ते. संस्थानिकांच्या गाड्यांनाही राजवाडे आहेत, संग्रहालयं आहेत. पण मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचं पाहा. लाखो लोकांनी ज्यातून प्रवास केला, त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. मास्तरांच्या स्कूटरी, तलाठ्यांच्या राजदूत, दूधवाल्यांच्या लूना यांना तर निरोप द्यायलाही कुणी येत नाही. त्या काळात सामान्य माणूस कसा जगला, काय मिळवायला सात वर्षं थांबला आणि मिळालेलं कसं टिकवलं, याचा तो पुरावा आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगतो, पुरावा नुसता ठेवून चालत नाही. तो दुरुस्त करू शकणारा हातही टिकावा लागतो. हात गेला की मग उरते ती वस्तू, तिची विद्या नाही.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यात, पडवीत, विहिरीजवळ अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. गाडी आणखी पाच वर्षं उभी राहू शकेल, लोखंड हळूहळू गंजतं. मिस्त्री थांबणार नाही. मोठा रस्ता सोडून जुन्या रस्त्याला लागा, भंगारवाल्याला विचारा आणि उघडा पत्रा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जमलं तर जाताना गावातला एखादा हातात कसब असलेला पोरगा सोबत न्या. दोन दिवस नुसता बसू दे त्याला तिथे. आमच्या गावातला ट्रॉली बनवणाऱ्याचा मुलगा मी दोन रविवार नेला होता. पुढच्या रविवारी तो स्वतःहून येतो म्हणालाय. बघू या.

असो. तुमच्या भागात असा कुणी पत्र्याचा मिस्त्री अजून हातोडी धरून असेल, तर मला जरूर कळवा. गाडीला नको असला, तरी मला त्याला भेटायचं आहे.